जवळच्या उपकरणांमधल्या थेट वायरलेस संवादाचे वेळापत्रक कसे बसवावे

राउटर मध्ये न आणता दोन ईएसपी-३२ बोर्डांना (वायफाय असलेल्या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डांना) एकमेकांशी बोलते करणे अवघड नाही. ईएसपी-नाऊ हा प्रोटोकॉल त्यासाठीच आहे. अडचण सुरू होते ती बोर्ड सहा-आठ झाले की. पाठवण्याआधी हवा मोकळी आहे का हे प्रत्येक बोर्ड ऐकून घेतो, पण जो बोर्ड त्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी तो थांबणार कसा? इमारतीच्या दोन टोकांचे बोर्ड एकाच वेळी पाठवतात, मधल्या बोर्डापर्यंत दोघांचेही सिग्नल पोहोचतात आणि दोन्ही पॅकेट वाया जातात. अशा वेळी प्रत्येक दुव्याला, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा बोर्ड या जोडीला, ठरलेली पाळी द्यावी लागते. ती पाळी नकाशावरच्या अंतरावरून ठरवू नका. कोण कोणाला किती जोरात ऐकू येतो हे मोजा आणि त्यावरूनच ठरवा. भिंत, धातूचे कपाट आणि माणसे अंतराचा हिशेब सहज उलटा करतात.

खालचे उदाहरण सहा बोर्डांचे आहे: अ, ब, क, ड, इ, फ. दुवे पाच: १) अ ते ब, २) ब ते क, ३) ड ते इ, ४) इ ते फ, ५) फ ते अ. सगळ्यांना वेळ सांगणारा मास्टर म्हणून सातवा बोर्ड घ्या आणि तो साधारण मध्यभागी ठेवा. माहिती मात्र त्याच्यामार्फत जाणार नाही, ती थेटच जाईल.

आधी पाया

सगळे बोर्ड एकाच चॅनेलवर हवेत. १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. आसपासच्या वायफायची गर्दी पाहून त्यातला सर्वांत मोकळा निवडा. वायफाय स्टेशन मोडमध्ये सुरू करा, पण कोणत्याही राउटरला जोडू नका. हा सर्वांत जास्त वेळ खाणारा सापळा आहे. राउटरला जोडलेला बोर्ड राउटरच्या चॅनेलवर जातो, आणि जोडणी तुटली की राउटर शोधत एकेक चॅनेल फिरतो. तेवढा वेळ तो तुमच्या जाळ्यात नसतोच. माहिती इंटरनेटवर न्यायची असेल तर मास्टरला तारेने दुसरा बोर्ड जोडा आणि वायफायची जबाबदारी त्याच्यावर टाका.

मोडेम स्लीप, म्हणजे वीज वाचवण्यासाठी रेडिओ अधूनमधून बंद करणारी सोय, बंद करा. ईएसपी-नाऊच्या पहिल्या आवृत्तीत एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त २५० बाइट मजकूर बसतो. एका बोर्डाकडे नोंदवलेल्या साथीदारांची मर्यादा २० आहे, त्यातले एन्क्रिप्शनवाले मुळात ७ आणि सेटिंग बदलून जास्तीत जास्त १७. सर्वांसाठीचे पॅकेट, म्हणजे ब्रॉडकास्ट, एन्क्रिप्ट होत नाही आणि त्याची पोचही मिळत नाही. मास्टरचा बीकन, म्हणजे सगळ्यांना वेळ सांगणारे पॅकेट, असाच जाणार आहे, म्हणून त्यात गुप्त काही ठेवू नका.

कोण कोणाला ऐकू येतो

बोर्ड कायमच्या जागी बसवा आणि मगच मोजा. टेबलावर शेजारी शेजारी ठेवून घेतलेले आकडे निरुपयोगी असतात.

प्रत्येक बोर्डाने आपली पाळी आली की २० मिलिसेकंदांच्या अंतराने १०० छोटी ब्रॉडकास्ट पॅकेट पाठवावीत. बाकीच्यांनी दोन गोष्टी नोंदवाव्यात: किती पॅकेट मिळाली आणि सिग्नलची सरासरी पातळी किती. ईएसपी-आयडीएफच्या (ईएसपी-३२ साठीच्या अधिकृत सॉफ्टवेअर संचाच्या) पाचव्या आवृत्तीपासून ही पातळी पॅकेट घेणाऱ्या कॉलबॅकमध्येच, म्हणजे पॅकेट आले की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्येच, मिळते. सगळे झाले की सहा बाय सहाचा तक्ता तयार होतो. दरवाजे उघडे आणि बंद, खोली रिकामी आणि भरलेली असताना पुन्हा मोजा, आणि उपयोगाच्या सिग्नलसाठी सर्वांत कमी, अडथळ्यासाठी सर्वांत जास्त आकडा धरा.

तक्त्यात १०० पैकी ९५ किंवा ० असा आकडा असेल तर निर्णय सोपा असतो. जिथे ३० किंवा ६० दिसते तिथे जपा. असे दोन बोर्ड एकमेकांसाठी कधी थांबतात, कधी थांबत नाहीत, आणि बिघाड दिवसातून चार वेळा येऊन जातो. त्यांना एकमेकांना न ऐकणारे समजा आणि त्याच वेळी एकमेकांच्या कामात अडथळा आणणारेही समजा.

दोन दुव्यांना एकच स्लॉट (पाळीचा ठरलेला वेळ) देता येईल का?

पहिली अट स्वच्छ आहे. एकच रेडिओ असलेला बोर्ड एका वेळी एकच काम करतो, म्हणून ज्या दुव्यांत एक बोर्ड सामाईक आहे ते दुवे वेगळ्या स्लॉटमध्ये. आपल्या उदाहरणात १-२, ३-४, ४-५ आणि ५-१ या जोड्या त्यामुळेच बाद होतात.

दुसरी अट तक्त्यावरून. घेणाऱ्या बोर्डाजवळ आपल्या साथीदाराचा सिग्नल दुसऱ्या दुव्याच्या सिग्नलपेक्षा किमान १५ डेसिबलने वरचढ हवा. समजा ब बोर्डाला अ चा सिग्नल उणे ४८ डीबीएम आणि ड चा उणे ७१ मिळतो (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोराचा). फरक २३, म्हणजे चालेल. क बोर्डाला ब चा उणे ६० आणि इ चा उणे ६६ मिळत असेल तर फरक ६ च, म्हणून दुवे २ आणि ४ एकत्र नकोत. १ मेगाबिट वेगाला याहून कमी फरकही पुरतो, पण वाटेत माणूस उभा राहिला की पातळी सहज ५ डेसिबलने हलते. त्यासाठी ही शिल्लक.

इथे बहुतेक जण अर्धाच हिशेब करतात. एका बोर्डाला उद्देशून पाठवलेल्या पॅकेटची पोच घेणारा बोर्ड लगेच परत पाठवतो, म्हणजे त्या क्षणी घेणाराही पाठवणारा होतो. म्हणून १ आणि ३ तपासताना फक्त ड चा त्रास ब ला होतो का एवढे पाहून भागत नाही. इ ची पोच अ ला आणि ब ला किती जोरात पोहोचते, आणि उलट दिशेने तेच, असे सगळे कोन पाहा. यातला एक जरी अटीत बसला नाही तरी जोडी बाद.

दोन पाठवणारे एकमेकांना नीट ऐकत असतील तर ही दुसरी अट सैल करता येते. ते एकाच स्लॉटमध्ये आपोआप मागेपुढे होतात, आणि छोट्या पॅकेटसाठी स्लॉटमध्ये तेवढी जागा असते.

आता वाटप. ज्या दुव्याचे सर्वांत जास्त भांडण आहे तो आधी बसवा. दुवा ४ चे भांडण २, ३ आणि ५ शी आहे, म्हणून तो पहिल्या स्लॉटमध्ये. दुवा १ चे त्याच्याशी वाकडे नाही, तोही तिथेच. २ आणि ५ दुसऱ्या स्लॉटमध्ये. ३ दुसऱ्यात बसतो असे कागदावर दिसते, पण तिथे आता तीन दुवे एकदम चालतील, आणि जोडीने तपासलेला हिशेब तिघांना लागू होत नाही. सारख्या ताकदीचे दोन अडथळे मिळून एकापेक्षा ३ डेसिबल जास्त त्रास देतात. तो तिसऱ्या स्लॉटमध्ये टाका. थोडाच वेळ जातो आणि शंका राहत नाही.

स्लॉट किती लांब?

१ मेगाबिटच्या मूळ वेगाने ३२ बाइट मजकुरावर सुमारे ४३ बाइट आवरण चढते. ७५ बाइटना ६०० मायक्रोसेकंद आणि सुरुवातीच्या प्रास्ताविकाला १९२ लागतात. त्यावर १० मायक्रोसेकंदांची विश्रांती आणि ३०४ मायक्रोसेकंदांची पोच. एकूण १,१०६. हवा मोकळी होण्याची वाट पाहण्यात आणखी सहाशे-सातशे जाऊ शकतात, आणि पोच न मिळाल्यास हार्डवेअर स्वतःच पुन्हा पाठवते. पूर्ण २५० बाइटचे पॅकेट असेल तर एकच प्रयत्न सुमारे २,८५० मायक्रोसेकंदांचा होतो.

छोट्या पॅकेटसाठी १० मिलिसेकंदांचा स्लॉट सोयीचा. सुरुवातीचा १ मिलिसेकंद मोकळा, पुढचे ६ पाठवण्यासाठी, शेवटच्या ३ मध्ये नवीन काही सुरू करायचे नाही. ड्रायव्हरच्या रांगेत गेलेले पॅकेट परत काढता येत नाही. ते पुढच्याच्या पाळीत घुसते. त्याच कारणाने आधीच्या पॅकेटचा निकाल कॉलबॅकमध्ये आल्याशिवाय दुसरे पाठवू नका.

पूर्ण चक्र १०० मिलिसेकंदांचे ठेवा. पहिले १० बीकनसाठी, मग ३० मध्ये तीन स्लॉट, मग चुकलेल्या पॅकेटसाठी तेच तीन स्लॉट पुन्हा ३० मध्ये. पुढचे २० नव्या बोर्डांच्या नावनोंदणीसाठी. तिथे प्रत्येकाने यादृच्छिक वेळ थांबून पाठवावे. शेवटचे १० रिकामे सोडा. ते भरण्याचा मोह होतो, पण कधीतरी उशीर झालेला बीकन तिथेच पचतो.

घड्याळे जुळवणे

बोर्डाच्या घड्याळाला ठोके देणाऱ्या क्रिस्टलचा फरक दहा लाखांत १० भाग धरला तर दोन बोर्ड सेकंदाला जास्तीत जास्त २० मायक्रोसेकंदांनी दूर जातात. दहा बीकन हुकले तरी फरक तेवढाच. धोका क्रिस्टलचा नाही, बीकन हवेत जायला लागलेल्या अनिश्चित वेळेचा आहे. मास्टरने पाठवण्याची आज्ञा दिली त्या क्षणी हवा व्यस्त असेल तर बीकन काही मिलिसेकंद उशिरा निघतो आणि सगळ्यांचे घड्याळ तेवढे चुकते.

उपाय असा: बीकन गेल्याचा कॉलबॅक आला की मास्टरने ती वेळ टिपावी आणि पुढच्या बीकनमध्ये पाठवावी. बोर्डांनी मागचा बीकन मिळाल्याची आपली वेळ आठवणीत ठेवून तिची जोडी या वेळेशी लावावी. ब्रॉडकास्टला पोच आणि पुनःप्रयत्न नसल्यामुळे हा कॉलबॅक पॅकेट हवेत गेल्यावर लगेच येतो आणि चूक मिलिसेकंदाच्या बरीच आत राहते.

बीकनमध्ये चक्राचा क्रमांक, मागच्या बीकनची वेळ आणि वेळापत्रकाची आवृत्ती असावी. वेळापत्रक बदलायचे असेल तर कोणत्या चक्रापासून, हे निदान दहा चक्रे आधीपासून सांगत राहा. आवृत्ती जुळत नसेल किंवा सलग दहा बीकन मिळाले नसतील तर बोर्डाने पाठवणे थांबवून फक्त ऐकावे. हा नियम पाळला नाही तर भरकटलेला एकच बोर्ड बाकी पाचांचे काम बिघडवतो.

कोड लिहिताना

स्लॉटची वाट पाहण्यासाठी टास्क-डिले (टास्क ठरावीक वेळ थांबवणारे फंक्शन) वापरू नका. ईएसपी-आयडीएफमध्ये फ्रीआरटॉस या आतल्या कार्यप्रणालीचा ठोका मुळात १० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे आपल्या अख्ख्या स्लॉटएवढा. मायक्रोसेकंदांचा ६४-बिट टायमर वापरा. ३२-बिट मायक्रोसेकंद मोजणी सुमारे ७१ मिनिटांनी शून्यावर येते, आणि नेमके तेव्हाच सगळे कोलमडते. पॅकेट घेणारा कॉलबॅक वायफायच्या टास्कमध्ये चालतो, म्हणून तिथे वेळ टिपा, मजकूर रांगेत टाका आणि बाहेर पडा. छापणे, फ्लॅशवर लिहिणे नंतर.

‘पाठवले’ असा निकाल म्हणजे रेडिओपर्यंत पोहोचले, प्रोग्रामने वाचले असे नव्हे. प्रत्येक दुव्याला स्वतंत्र अनुक्रमांक द्या. त्यावरून हरवलेले पॅकेट कळते, आणि पोच हरवल्याने दोनदा आलेलेही ओळखता येते.

तपासणी

प्रत्येक बोर्डाने आपला स्लॉट सुरू होताना एक पिन वर करावी. दोन पिना लॉजिक अॅनालायझरवर (पिनांचे सिग्नल वेळेनुसार दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहा. कडा १ मिलिसेकंदाच्या आत हव्यात आणि तासाभराने एका दिशेने सरकत जाऊ नयेत. सरकत असतील तर बीकनवरून घड्याळ जुळवण्यात चूक आहे. मग एकेका दुव्याची किती पॅकेट हरवतात ते आधी एकट्याने आणि नंतर सगळे चालू असताना मोजा. एकट्याने चांगला आणि गर्दीत वाईट असा दुवा दिसला की त्याच्या स्लॉटमधला सोबती बदला. एकट्यानेही वाईट असेल तर वेळापत्रकाचा दोष नाही, अँटेना किंवा जागा बदला.

बॅटरीवर चालवायचे असेल तर हिशेब वेगळा होतो. ऐकत राहिलेला ईएसपी-३२ सुमारे १०० मिलिअँपिअर घेतो, म्हणून चक्र ६० सेकंदांचे करून मधल्या वेळेत गाढ झोप द्यावी लागते. झोपेत मुख्य क्रिस्टल बंद असते आणि आतले संथ घड्याळ तापमानाबरोबर बदलते. १ टक्का चूक झाली तरी ६० सेकंदांत ६०० मिलिसेकंद होतात. बोर्डाला तेवढे आधी जागे करा, किंवा ३२.७६८ किलोहर्ट्झचे बाहेरचे क्रिस्टल जोडून ही वाट पाहणे काही मिलिसेकंदांवर आणा.