बोल्ड न घालवता फाइलमधल्या स्टाइल कशा साफ कराव्यात

पॅराग्राफ स्टाइल म्हणजे परिच्छेदाचा फॉन्ट, साइझ, अंतर यांचा एका नावाखाली साठवलेला संच; त्याहून जास्त इथे सांगत बसत नाही. इनडिझाइन हे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर रोज उघडणाऱ्याला ते ठाऊक असतं. खरी अडचण वेगळीच असते. स्मरणिकेचा मजकूर चार जणांनी टाइप केलेला, चार पेनड्राइव्हमधून आलेला, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि परवा प्रूफ द्यायचं. कोल्हापुरात तालमी, पतसंस्था, शाळा यांची कामं करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर अशी फाइल येते.

आधी नावं ठरवा. ‘लाल १८ बोल्ड’ असं नाव देऊ नका, रंग बदलला की ते नाव खोटं पडतं. ‘लेखशीर्षक’, ‘मजकूर’, ‘फोटोओळ’, ‘देणगीदार’ अशी कामाची नावं द्या.

मग ‘मजकूर’ ही मूळ स्टाइल बनवा. ‘बेस्ड ऑन’मध्ये ‘नो पॅराग्राफ स्टाइल’ ठेवा, ‘बेसिक पॅराग्राफ’ नको. बेसिक पॅराग्राफ प्रत्येक फाइलमध्ये असतेच, आणि एकाच नावाच्या स्टाइलचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये पेस्ट केला की तिथली मापं लागू होतात. इकडे नीट बसलेली पानं तिकडे वाहून जातात ती यामुळे. जस्टिफिकेशनमध्ये कंपोझर (ओळी जुळवायची पद्धत) ‘वर्ल्ड-रेडी’ निवडा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे बसते. भाषा मराठी ठेवा. लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, ‘ऑटो’वर सोडू नका. ते अक्षराच्या साइझच्या १२० टक्के असतं आणि रोमन लिपीला पुरतं. आपल्याला वर वेलांट्या, खाली उकार. मी ११ पॉइंटला १६ देते. बाकीच्या स्टाइल या मूळ स्टाइलवरून काढा.

आता मुख्य काम. मजकूर निवडून स्टाइल लावली की नावापुढे अधिकचं चिन्ह दिसतं. याचा अर्थ, टाइप करणाऱ्याने हाताने केलेले बदल अजून चिकटलेले आहेत. यावर जो तो एकच सल्ला देतो: ऑल्ट दाबून स्टाइलवर क्लिक करा, सगळं साफ. हा सल्ला अर्धा आहे आणि मला तो फार महागात पडलाय.

एका तालमीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत खासबागच्या कुस्त्यांवर मोठा लेख होता. लेखकाने प्रत्येक वस्तादाचं आणि पैलवानाचं नाव बोल्ड केलं होतं. मी सगळा लेख निवडला, ऑल्ट-क्लिक केलं, पानं एकसारखी झाली, प्रूफ पाठवलं. दुसऱ्या दिवशी तालमीतले एक म्हातारे गृहस्थ प्रूफ घेऊन आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “पोरी, आमच्या वस्तादांचं नाव बारीक का केलंस?” सगळीच नावं साधी झाली होती. मूळ फाइल शेजारी उघडून एकेक नाव परत बोल्ड करण्यात माझी रात्र गेली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ‘ठळक’ नावाची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे परिच्छेदातल्या निवडक अक्षरांपुरती स्टाइल, बनवा. तिच्यात फक्त फॉन्ट स्टाइल बोल्ड. फॉन्टचं नाव, साइझ, रंग सगळं रिकामं. तिथे साइझ भरलात, तर उद्या मजकूर १२चा केल्यावर नावं ११चीच राहतील. मग अख्ख्या लेखाला साध्या क्लिकने ‘मजकूर’ लावा आणि शीर्षकांना त्यांच्या स्टाइल द्या. आता फाइंड-चेंज उघडा. शोधायच्या फॉरमॅटमध्ये दोन गोष्टी हव्यात: फॉन्ट स्टाइल बोल्ड आणि पॅराग्राफ स्टाइल ‘मजकूर’. दुसरी अट विसरलात तर शीर्षकांनाही ‘ठळक’ चिकटेल. बदलायच्या फॉरमॅटमध्ये कॅरेक्टर स्टाइल ‘ठळक’. मग चेंज ऑल.

काही जण बोल्डसाठी वेगळाच फॉन्ट लावतात. तो फाइंड/रिप्लेस फॉन्टच्या यादीत दिसेल. त्याचाही असाच फेरा करा. हे झाल्यावरच ऑल्ट-क्लिक. हाताने केलेले बदल जातात, कॅरेक्टर स्टाइल टिकते. ऑल्टबरोबर शिफ्ट मात्र चुकूनही दाबू नका, त्याने कॅरेक्टर स्टाइलही उडते. शेवटी मूळ फाइलमधली पाच-सहा बोल्ड नावं शोधून प्रूफशी ताडून बघा. हे मी आजही प्रत्येक लेखाला करते.

वर्डमधून घुसलेल्या फालतू स्टाइल डिलीट करा. डिलीट करताना बदली स्टाइल विचारली जाते, तिथे ‘मजकूर’ द्या.

तोच मजकूर वेबसाइटवर टाकायचा असेल तर हीच नावं सीएसएसच्या (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडच्या) क्लासना द्या आणि पानाची भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठी) लिहा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात त्यामुळे पाकळीचा ल आणि देठाचा श येतो. शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी हीच वळणं ठरवून दिली आहेत. भाषा ‘एचआय’ (hi, म्हणजे हिंदी) राहिली तर हिंदी वळणाचा ल येतो, आणि तो मला मराठी पानावर बघवत नाही.