अ‍ॅलर्जीवालं लेकरू अजून अंगावर पितंय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेकराला खाण्यातल्या कशाची अ‍ॅलर्जी निघाली की लगेच अंगावरचं दूध तोडायचं. दीड-दोन वर्षांचं पोरगं पिताना दिसलं की घरातली, शेजारची सगळी सुरू होतात, "अजून पाजतीस व्हय? त्यानंच पुरळ उठतंय बघ." अहो, आईनं खाल्लेल्या पदार्थातलं प्रोटीन अगदी थोडंसं दुधात उतरतं, त्यानं काही लेकरांना त्रास होतो हे खरं, पण बऱ्याच जणांना तेवढ्यानं काहीच होत नाही, स्वतःच्या तोंडात गेलं तरच होतं. दोन वर्षं आणि त्यापुढंही पाजा असं डब्ल्यूएचओ म्हणजे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि ज्याचं वरचं दूध बंद झालंय त्याच्याकडनं हेही काढून घ्यायचं म्हणजे अन्यायच.

दुसरी चूक आईनं स्वतःवर करायची. दूध, अंडी, शेंगदाणे, गहू सगळं एकदम बंद, नुसत्या वरण-भातावर राहायचं आणि चक्कर येऊन पडायचं. असं करू नका गं बायांनो! पिल्यावर त्रास होतोय असं वाटलं तरच डॉक्टरांना विचारून एकच संशयित पदार्थ 2 ते 4 आठवडे सोडा, फरक बघा, मग त्यांच्या सल्ल्यानं परत खाऊन बघा. फरकच पडला नाही तर कशाला सोडायचं? दूध सोडावंच लागलं तर नाचणी खा, 100 ग्रॅममधे साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तरी कमी पडतंच, म्हणून गोळीचंही विचारा.

आता आपल्या कोल्हापुरातली खास चूक, गाईचं बाधलं तर म्हशीचं धारोष्ण द्या, नाहीतर शेळीचं. तिन्हीतली प्रोटीनं इतकी सारखी असतात की बहुतेक लेकरांना तिन्ही बाधतात. लॅक्टोज-फ्री दुधाचंही तेच, त्यात दुधातली साखर (लॅक्टोज) मोडलेली असते, प्रोटीन तसंच राहतं.

लपलेले पदार्थही बघा. पांढऱ्या रश्श्यात काजू-तीळ, कांदा-लसूण मसाल्यात तीळ, भाजीत दाण्याचं कूट, बेकरीच्या मालात दूध पावडर. आणि शेंगदाणे खाऊन हात नुसते सॅनिटायझरनं पुसून चालत नाही, साबणानंच धुवायचे.

दिवसभर पिऊनच पोट भरलं तर पोरगं जेवत नाही, आणि आईच्या दुधात लोह कमी असतं, म्हणून आधी घास, मग दूध.

एक मात्र कधीच करू नका. काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वासाला शिट्टी वाजायला लागली, लेकरू मलूल पडलं तर पाजून शांत करत बसू नका, डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर आधी ते द्या आणि 108 ला फोन करा, नाहीतर सरळ सीपीआरला (आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) किंवा जवळच्या दवाखान्यात पळा.

दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच लेकरांची मोठं होताना जाते. पण गेली का नाही हे आजीनं बोटानं चाटवून बघायचं नाही, डॉक्टरांच्या समोरच बघायचं.