विभक्त नव्हे, ताटातूट झालेली: सीमेवरच्या घरांचा अभ्यास करायचा असेल तर

पीएचडीचा विषय घरी पहिल्यांदा सांगितला तेव्हा आत्या म्हणाली, "विभक्त कुटुंबं? त्यात कसलं आलंय संशोधन? सासूसुनेचं पटलं नाही की चूल वेगळी, झालं." चूक तिची नव्हती. मराठीत विभक्त कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. मी बोलत होते ती घरं युद्धाने भारत-पाकिस्तान सीमेच्या दोन अंगांना टाकलेली होती. तेव्हापासून मी 'ताटातूट' म्हणते. विद्यापीठाच्या कागदांवर तो शब्द जरा घरगुती दिसतो, पण ऐकणाऱ्याला अर्थ लगेच कळतो.

गेली काही वर्षं मी लडाखमधल्या कारगिल आणि नुब्राच्या बाजूची गावं करते आहे. या विषयाकडे वळू पाहणारी मुलंमुली अधूनमधून विचारतात, कुठून सुरुवात करू? त्यांच्यासाठी हे. नियमावली नाही, मी कुठे ठेचकाळले त्याचा हिशोब आहे.

आधी प्रदेश नीट समजून घ्या. आपल्याकडची माणसं नुब्रातल्या तूर्तुकला जातात, जर्दाळू खातात, 'भारताचं शेवटचं गाव' म्हणून फोटो काढतात आणि परततात. १९४७ च्या आधी लडाख वजारतीत, म्हणजे जिल्ह्यात, लेह, कारगिल आणि स्कर्दू अशा तीन तहसिली होत्या, आणि सरकारी कचेरी उन्हाळ्यात लेहला तर हिवाळ्यात स्कर्दूला असे. कारगिलच्या माणसाला स्कर्दू म्हणजे परमुलुख नव्हताच. सोयरीक तिकडे, व्यापार तिकडे, हिवाळ्यातलं कोर्टाचं कामही तिकडेच. १४ ऑगस्ट १९४८ ला स्कर्दूच्या किल्ल्यातली काश्मीरच्या महाराजांची शिबंदी शरण गेली आणि स्कर्दू पाकिस्तानकडे गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारतीय रणगाडे झोजिला खिंड चढले आणि कारगिल भारताकडे आलं. १९४९ मध्ये युद्धविराम रेषा आखली गेली ती या सगळ्या सोयरिकींच्या मधून. मग डिसेंबर १९७१ च्या लढाईत मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली लडाख स्काउट्सने तूर्तुक, त्याक्षी, चालुंका, थांग ही तोवर पाकिस्तानकडे असलेली गावं घेतली. तिकडे कारगिलजवळचं हुंदरमानही भारतात आलं. १९७२ चा सिमला करार झाला आणि जम्मू-काश्मीरमध्ये युद्धबंदीच्या वेळी जो जिथे होता तीच नियंत्रण रेषा ठरली.

डिसेंबर १९७१ च्या त्या आठवड्यात घरचं कोण कुठे होतं, एवढ्यावर पुढची पन्नास वर्षं ठरली. कोणी स्कर्दूला कामाला गेलेलं, कोणी लाहोरला शिकायला, कोणी कराचीत मजुरीला. त्यांना घर सोडायचंच नव्हतं. ते परत यायचे होते, आणि मधल्या काळात घरच दुसऱ्या देशात गेलं.

माझी पहिली मोठी चूक इथली. मी वाचन करून गेले होते. 'अनिश्चित हानी' ही अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांची कल्पना डोक्यात पक्की बसलेली. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना ती आकाराला आली: माणूस गेला की आहे हे कळत नाही, म्हणून दुःखालाही शेवट नाही. मी हुंदरमानला एका आजोबांना विचारलं, "तुमचं कोण हरवलं?" दुभाष्या मुलाने विचारलं. आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोणीच नाही. भाऊ तिथेच आहे." आणि हात उचलून डोंगरापलीकडे दाखवलं.

तिथली माणसं बेपत्ता नाहीत. गाव माहीत आहे, घर माहीत आहे, कितवी नातवंडं आहेत तेही माहीत आहे. अडलंय ते फक्त जाणं. काश्मीर खोऱ्यातल्या, नवरा बेपत्ता झालेल्या बायकांचा प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. दोन्हींना एकच सिद्धान्त घालायला गेलात तर मुलाखती तुमच्या तोंडाच्या होतील, त्यांच्या नाही. माझ्या पहिल्या अकरा मुलाखती मी बाजूला ठेवल्या. प्रश्नातच उत्तर कोंबलेलं होतं.

जाणं किती अडलंय ते नकाशावर बोट ठेवून मोजा. कारगिल ते स्कर्दू हा जुना रस्ता दोनशे किलोमीटरच्या आतला. रेषेपलीकडे जाणारी श्रीनगर-मुझफ्फराबाद बस एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली, पूंछ-रावळाकोट २००६ मध्ये. कारगिल-स्कर्दूची मागणी तेव्हापासून आहे, बस मात्र कधीच सुटली नाही. म्हणून सख्ख्या बहिणीला भेटायचं तर आधी दिल्लीला व्हिसासाठी, मग अटारी-वाघा, लाहोर, इस्लामाबाद, आणि तिथून पुन्हा उत्तरेला स्कर्दू. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी बंद झाली आणि तोही फेरा संपला. कितीतरी घरांत मी ऐकलंय, की भाऊ-बहीण भेटले ते थेट मक्केत, हजला. दोघंही आपापल्या देशाच्या यात्रेकरूंबरोबर आलेले.

कायद्याची बाजूही थोडी वाचा. मी समाजशास्त्राची, त्यामुळे टाळत होते. युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं २६ वं कलम युद्धामुळे पांगलेल्या कुटुंबांना एकमेकांचा शोध घ्यायला मदत करायला सांगतं. २५ वं कलम मला जास्त आवडतं, कारण ते फार बारीक आहे: घरच्या खुशालीचा पत्रव्यवहार मर्यादित करायचाच असेल, तर छापील नमुन्यावर २५ शब्द आणि महिन्यातून किमान एकदा, एवढं तरी राहिलंच पाहिजे. नव्याने येणाऱ्याला मी एक गृहपाठ देते. आईला २५ शब्दांत पत्र लिहा. राजकारण नाही, जागेचं नाव नाही, सैन्याचा उल्लेख नाही. बहुतेकांचे पहिले सहा शब्द 'मी बरी आहे, काळजी करू नकोस' यातच जातात. मग अशी पत्रं पोचवणाऱ्या रेड क्रॉसच्या जुन्या संदेशांत सगळे एकसारखंच का लिहितात ते कळतं. आधी मी त्या कागदांना 'माहिती नसलेले' म्हणून नाकारलं होतं. (या करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक करारात कुटुंबांच्या पुनर्भेटीचं स्वतंत्र कलम आहे, पण भारत आणि पाकिस्तान दोघांनीही तो पूरक करार मंजूर केलेला नाही. प्रबंधात त्याचा आधार घेऊन जोरात भांडू नका, परीक्षक पहिलं तेच विचारतील.)

जिनिव्हाच्या रेड क्रॉस संग्रहातली १९७५ पर्यंतची कागदपत्रं अभ्यासकांना खुली आहेत. जायला पैसे मिळाले तर जा. नाही मिळाले तर हुंदरमानचं जुनं दगडी गाव आहेच. तिथल्या एका घरात छोटं संग्रहालय केलंय, मागे राहिलेल्या वस्तू आणि पत्रं मांडलेली. सीमेपलीकडे राहिलेल्या काकाची पत्रं काचेखाली उर्दूत.

त्यावरून भाषेचं. उर्दू लिपी आधी शिका, बाकी सगळं नंतर. छापील उर्दू दोन-तीन महिन्यांत वाचता येते, घाईघाईत लिहिलेलं पत्र वाचायला वर्ष जातं. बाल्टी आणि पुरगी या तिबेटी कुळातल्या भाषा. पुस्तकातून हाती लागत नाहीत, स्वयंपाकघरात बसून लागतात. हिंदीवर काम चालतं, पण तेव्हा तुमच्याशी फक्त पुरुष बोलतात. आजीचं माहेर पलीकडे राहिलं, हे पुरुष कधी सांगणार नाही. त्याच्या लेखी ते त्याचं नातंच नसतं. माझ्या वहीत पहिल्या वर्षी भाऊ-भाऊ एवढीच नाती होती. तुटलेली माहेरं दुसऱ्या वर्षी दिसली, मी चुलीजवळ जर्दाळूच्या बिया फोडत बसले तेव्हा.

कधी जायचं? जून ते ऑगस्ट जाऊ नका. तूर्तुकमध्ये तेव्हा पर्यटक आणि जर्दाळू, दोन्हींची गर्दी, कोणाला बोलायला फुरसत नाही. दुसऱ्या पिकाचा कुट्टू निघाला की ऑक्टोबरात माणसं निवांत होतात. बर्फाच्या आधी परता किंवा मग राहायच्याच तयारीने जा, झोजिला बंद झाला की श्रीनगरकडची वाट नाही. फोनचं कार्ड पोस्टपेड न्या, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. परवान्यांचे नियम बदलत राहतात, लेह-कारगिलच्या जिल्हा कचेरीत ताजे विचारा. गावात शिरल्यावर पहिली भेट गोब्याची, म्हणजे गावच्या मुखियाची. त्याला न सांगता चार घरं फिरलात तर पाचव्या घरात तुमच्या आधी तुमची बातमी पोचते, आणि ती चांगली नसते.

संमतीपत्राने माझा एक महिना खाल्ला. मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाची सही आमच्या विद्यापीठाच्या समितीला हवी होती. सीमेवरच्या माणसाला, ज्याचा सख्खा भाऊ पलीकडे आहे, अनोळखी बाईने इंग्रजी कागदावर सही मागणं म्हणजे काय, हे समितीतल्या कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नव्हतं. एकाने चहाचा पेला खाली ठेवला आणि उठून गेला. मग तोंडी संमतीची परवानगी मागितली. ती मिळेपर्यंत हिवाळा आला.

दुसरा धडा वहीचा. एका चौकीवर माझी वही उघडली गेली. तरुण जवान होता, मराठी नव्हता, सहज पानं चाळून परत दिली. पण त्या पानांवर माणसांची खरी नावं होती, पलीकडच्या नातलगांची गावं होती, फोन नंबर होते. त्या रात्री मी झोपले नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी खुणेची नावं घालते, कोणतं नाव कोणाचं ती किल्ली वेगळ्या जागी ठेवते, आणि फोन नंबर लिहूनच घेत नाही.

आणि सगळ्यात अवघड: लोक तुम्हाला संशोधक समजत नाहीत, टपालवाले समजतात. मी साताऱ्याकडच्या फौजींच्या गावची. '५६ एपीओ' असा फौजेच्या टपालाचा पत्ता लिहिलेलं पत्र चुलत्यांकडून यायचं तेव्हा आजी ते आधी कपाळाला लावायची आणि मग वाचून घ्यायची. त्यामुळे एका म्हाताऱ्या बाईने थैलीतून फोटो काढून "हा तेवढा बहिणीला पोचव" म्हटलं, तेव्हा माझा हात पुढे गेलाच होता. घेतला नाही. संशोधकाने सीमेपार काही नेलं-आणलं तर पहिला त्रास त्या घराला होतो, मला नव्हे. तिने फोटो थैलीत ठेवला आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आता मी पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आधी सांगते: मी काही नेत नाही, आणत नाही, माझ्यामुळे व्हिसा मिळणार नाही. काही घरं तिथेच दार लावून घेतात. लावू द्या.

पोटापाण्याचं थोडक्यात. नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा काढलीत तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, त्यात निभतं. आयसीएसएसआर या समाजविज्ञान संशोधन परिषदेची शिष्यवृत्तीही आहे. त्यानंतर पोरं शिकवायला जातात, काही मदतसंस्थांत, काही संग्रहालयांत. या विषयावर नोकरीची जाहिरात मी अजून पाहिलेली नाही. पदवी इतिहासाची की समाजशास्त्राची की कायद्याची, याने फारसा फरक पडत नाही. मार्गदर्शक वर्षातून एकदा तरी फोन उचलणारा हवा.

मागच्या ऑक्टोबरात मी एका घरी त्यांच्याच कुळाचा तक्ता परत दाखवायला नेला. चार वर्षांची मेहनत, शाईने काढलेला, रेषेच्या अलीकडची नावं एका रंगात, पलीकडची दुसऱ्या. नातू कॉलेजात शिकतो, पलीकडच्या चुलत भावंडांशी नेट असेल तेव्हा व्हॉट्सॲपवर बोलतो. त्याने तक्ता चटईवर पसरला आणि पाच मिनिटांत सहा चुका काढल्या. दोन लग्नं माझ्याकडे नव्हतीच, एक माणूस मी मेलेला दाखवला होता तो स्कर्दूत दुकान चालवतो. मग स्कर्दूच्या बाजूला सगळ्यात खाली बोट ठेवून म्हणाला, "इथे एक मुलगी घाला, गेल्या महिन्यात झाली. नाव अजून ठेवलं नाही, जागा सोडा." आजी पलीकडून काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणतात? "म्हणतात, पेन्सिलने काढायचा होता."