दरडीची भेग आणि पाऊस: गावातच मोजमाप कसे ठेवावे

किती पावसाला दरड कोसळते, याची जगभरासाठीची किमान मर्यादा भूरूपशास्त्रज्ञ नेल केन यांनी १९८० मध्ये ७३ दरडींवरून मांडली. त्या मर्यादेच्या हिशेबाने २४ तासांत सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पुरतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर एवढा पाऊस मोसमात कितीदा तरी होतो. त्या आकड्यावर दर वेळी गाव हलवले, तर चौथ्यांदा कोणी घर सोडणार नाही. कातळावरचा मातीचा थर आधीच्या पावसाने किती भिजलाय, हेही तितकेच महत्त्वाचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा दरडप्रवण नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, म्हणजे अख्खी वाडी दोन-चार मिलिमीटरांत मावते. कोणते घर धोक्यात, हे त्यावरून कळत नाही. म्हणून नोंद गावाने ठेवायची.

पावसासाठी १० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाचे खोल नरसाळे ५ लिटरच्या कॅनवर बसवा. उथळ नरसाळ्यातून थेंब उडतात, झाडाखाली माप चुकते. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा आणि मिलिलिटरच्या आकड्याला ७.८५ने भागा, येईल तो पाऊस मिलिमीटरमध्ये. २ लिटरची बाटली अडीचशे मिलिमीटरलाच भरून वाहते, आणि २२ जुलै २०२१ला रायगडमधले तळिये गाव दरडीखाली गाडले गेले तेव्हा महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला होता. रोजच्या आकड्याशेजारी गेल्या ३ आणि १५ दिवसांची बेरीज लिहीत जा, म्हणजे माती आधीच किती भिजलीय याचा अंदाज येईल.

डोंगरावर भेग दिसली, तर तिच्या दोन्ही बाजूंना, काठापासून अर्धा मीटर मागे, १२ मिलिमीटरची मीटरभर लांब सळी ६० सेंटिमीटर ठोका. काठाला लागून ठोकली तर काठच ढासळतो. लाकडी खुंटी फुगते. गुरे अंग घासतात, म्हणून भोवती काटे टाका. दोन्ही सळ्यांच्या टोकांवर खूण करून अंतर स्टीलच्या टेपने मोजा, खालची बाजू किती खचली तेही पाहा. भेग एकूण किती रुंदावली यापेक्षा वेग बघा: काल २ मिलिमीटर, आज ४, उद्या ८ असे होऊ लागले की उतार सुटत चाललाय. मग पुढच्या मापासाठीही वर जाऊ नका.

झरा एकाएकी गढूळ झाला, किंवा पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी घटले, तर वर काहीतरी अडलेय. तेव्हा मापाची वाटच पाहू नका. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ला दरड रात्री आली. संशय असेल तर उजेडातच निघा, ओढ्याच्या वाटेने खाली न उतरता आडवे, बाजूच्या सोंडेवर.