आधी खोडा, मग पंचवीस लावा

अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञाची नोट समोर आली, त्यात तपासणीही दिसली आणि त्याच दिवशी काही गोठवल्याचं किंवा कापल्याचंही दिसलं, की नव्या मेडिकल कोडरचा (नोट वाचून विम्याच्या बिलाचे कोड लावणाऱ्याचा) हात थेट मॉडिफायर २५ कडे जातो, म्हणजे ‘प्रोसिजरखेरीज वेगळी तपासणीही झाली’ असं सांगणाऱ्या जोडखुणेकडे. माझाही जायचा. पहिल्याच महिन्यात तर मी तो व्हिजिटऐवजी चक्क १७००० ला, म्हणजे डाग गोठवण्याच्या प्रोसिजर कोडला, चिकटवला होता आणि क्लेम (विमा कंपनीला पाठवलेलं बिल) परत आला. पंचवीस लागतो तो व्हिजिटच्या कोडला, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे.

आता मी आधी नोट खोडते. आमच्या फ्लोअरवर कागद-पेन्सिल न्यायला बंदी, त्यामुळे हे सगळं मनातल्या मनात. चामखीळ पाहिली, गोठवायचं ठरवलं, धोके सांगितले, संमती घेतली, नंतर काय काळजी घ्यायची ते समजावलं: सगळ्या ओळी बाद. छोट्या प्रोसिजरमध्ये, म्हणजे ग्लोबल पीरियड (नंतरची देखभाल प्रोसिजरच्याच पैशात धरली जाते तो काळ) ० किंवा १० दिवसांचा असेल तिथे, ‘करूया’ हा निर्णयसुद्धा प्रोसिजरच्याच पैशात येतो. पेशंट नवीन असला तरी हेच. अंगठ्यावरची चामखीळ दाखवायला आला आणि गोठवून गेला, तर खोडून काही उरत नाही. फक्त १७११०, चामखीळ गोठवण्याचा कोड.

परवाची एक नोट बघा. बाई सोरायसिससाठी आल्या होत्या. कोपरावरचे चट्टे वाढलेले, मलमाने फरक नाही, डॉक्टरांनी औषध बदललं. मग कपाळावरचे तीन खरखरीत डाग दिसले, ॲक्टिनिक केराटोसिस (उन्हाने होणारे डाग), तेही गोठवले. गोठवण्याच्या ओळी काढल्या तरी बिघडलेला जुना आजार आणि बदललेलं प्रिस्क्रिप्शन शिल्लक राहतंच. म्हणून व्हिजिटचा कोड ९९२१४-२५, त्याला सोरायसिसचं निदान एल४०.०; पहिल्या डागाला १७००० एक युनिट आणि उरलेल्या दोघांना १७००३ दोन युनिट, दोन्हींना केराटोसिसचं निदान एल५७.०. १७००३ मध्ये दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतचे डाग एकेक मोजायचे. पंधरा झाले की दोन्ही सोडून एकटा १७००४.

इथे निदानं दोन होती म्हणून काम सोपं झालं. पण पंचवीससाठी वेगळं निदान लागतंच असं नाही, वेगळं काम लागतं. मला विचाराल तर कोडर सगळ्यात जास्त इथेच गडबडतात: दोन आयसीडी (निदानाचे कोड) दिसले की डोळे मिटून पंचवीस.

व्हिजिटची लेव्हल, म्हणजे ९९२१४ की दुसरा कोड हे, वेळेवरून काढत असाल तर प्रोसिजरची मिनिटं वजा करा. ९९२१४ ला किमान ३० मिनिटं लागतात. नोटमध्ये ‘एकूण ३५ मिनिटं’ एवढंच असेल आणि त्यात गोठवणं धरलंय की नाही ते कळत नसेल, तर अंदाज नको, डॉक्टरांना क्वेरी टाका.

आणि त्याच बाई आठव्या दिवशी फक्त सोरायसिससाठी परत आल्या, तर १७००० चे दहा दिवस अजून सरलेले नसतात. त्या व्हिजिटला पंचवीस नाही, चोवीस: ‘त्या दिवसांत, पण प्रोसिजरशी संबंध नसलेली तपासणी’ सांगणारा मॉडिफायर.