उंदीर-पक्षी न मारता हटवायचे, तर आधी कोण त्रास देतंय ते ओळखा

तिखटाचं पाणी मारूनही पक्षी दाणे टिपतच राहतात, ही नेहमीची तक्रार. मिरचीतलं कॅप्सेसिन उंदरा-खारींच्या तोंडाला झोंबतं. पक्ष्यांना ते जाणवतच नाही. म्हणून आधी खुणा बघा. काळ्या लेंड्या आणि दातखुणा असतील तर उंदीर. पांढरट विष्ठा आणि चोचीनं टोचलेली फळं असतील तर पक्षी.

उंदरांसाठी: सांडलेलं खाणं उचला. आत कुणी अडकलं नाही याची खात्री करून फटी स्टील वूलनं (बारीक पोलादी तारांच्या गुंत्यानं) गच्च बुजवा. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फटही पुरते. हे न करता नुसतं फवारलंत, तर भुकेला उंदीर तिखटासकट खातो.

मग फवारा. 2 चमचे तिखट 2 चमचे कोमट तेलात रात्रभर भिजवा. कॅप्सेसिन पाण्यात जेमतेम विरघळतं, तेलात चांगलं उतरतं. (तिखट घरात उकळू नका, सगळ्यांनाच ठसका लागेल.) सकाळी दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचं तोंड तुंबतं. त्यात अर्धा चमचा द्रव साबण घोटा आणि हलवत हलवत 1 लिटर पाणी घाला. तेल वर तरंगलं तर साबण नीट घोटला गेला नाही असं समजा.

हातमोजे आणि चष्मा घालून आधी दोन-तीन पानांवर मारा आणि 24 तास थांबा. पानं करपली नाहीत तर बाकी झाडावर संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेलानं पानं भाजतात. पाऊस पडला की पुन्हा मारावं लागतं. विजेच्या तारांवर मात्र अजिबात नको.

पक्ष्यांसाठी: मिथाइल अँथ्रानिलेट, पक्षी पळवणारं एक रसायन. वास द्राक्षासारखा, आपल्याला गोड वाटतो, पक्ष्यांच्या नाका-डोळ्यांना झोंबतो. तयार उत्पादनच घ्या आणि प्रमाण लेबलवरचंच ठेवा. ते उन्हानं लवकर उडून जातं, एका फवारणीवर भागत नाही. बियाण्याला लावायचं अँथ्राक्विनोन वेगळ्या रीतीनं काम करतं: पक्षी थोडं खातो, पोट बिघडतं, मग तो दाणा टाळतो. पहिल्या दिवशी दाणे गेले म्हणून औषध निकामी ठरवू नका.

पक्षी बसू नयेत म्हणून लावतात ते चिकट जेल टाळाच. लहान पक्ष्यांची पिसं त्यात अडकतात आणि ते तडफडून मरतात. डांबरगोळ्याही उघड्यावर नकोत, त्यांची वाफ माणसालाच बाधते.

उंदीर थांबले का, हे बघायला रात्री वाटेवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि सकाळी पावलांचे ठसे शोधा. पीठ मात्र वापरू नका. ते खायला उंदीर हमखास येतील.