फोनमधले फोटो कुठल्याही संगणकावर उघडावेत यासाठीची तयारी

सगळ्यात आधी फाइलच्या नावाची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, पाहा. विंडोजमध्ये ती लपवलेली असते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन दाखवायला लावावी लागते. जेपीजी (म्हणजेच जेपीईजी, जवळपास सगळीकडे उघडणारा फोटोचा प्रकार) दिसत असूनही फोटो उघडत नसेल, तर फाइल बहुधा अर्धवट कॉपी झालेली आहे. पुन्हा कॉपी करा. एचईआयसी दिसलं तर मात्र जेपीईजीत रूपांतर हवं. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन फोटो याच प्रकारात साठवतात, काही अँड्रॉइड फोनांतही हा पर्याय असतो. आतला मजकूर एचईव्हीसी पद्धतीने दाबलेला असतो, म्हणून जागा साधारण निम्मी लागते. पण तो उलगडणारा कोडेक, म्हणजे दाबलेला मजकूर वाचणारा छोटा प्रोग्राम, संगणकावर नसला की फोटो दिसत नाही. शेपटी पुसून जेपीजी लिहिल्याने नुसतं नाव बदलतं, आतली बांधणी तीच राहते.

जागा मोजून ठेवा. मूळ फोटो ८ जीबी असतील तर जेपीईजी प्रतींना १६ जीबी लागतील असं धरा, म्हणजे एकूण २४ जीबी मोकळे हवेत. दोन फोल्डर करा, एक मूळ फोटोंचा आणि एक प्रतींचा. मूळ फोटो कधीच पुसू नका. जेपीईजीत दर रंगाला ८ बिटच मावतात, पोर्ट्रेट फोटोतली खोलीची, म्हणजे काय जवळ आणि काय लांब याची, माहितीही बहुधा गळते, आणि गेलेलं पुन्हा मिळत नाही.

केबल लावण्याआधी आयफोनवर दोन गोष्टी तपासा. आयक्लाउडमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठ्यात, ऑप्टिमाइझ स्टोरेज चालू असेल तर पूर्ण आकाराचे सगळे फोटो फोनवर असतीलच असं नाही; आधी ते उतरवून घ्या. दुसरी गोष्ट फोटोजच्या सेटिंग्जमधली: ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी. तिथे ऑटोमॅटिक असलं की फोन कॉपी करता करता रूपांतर करतो, आणि मोठ्या संख्येने फोटो उतरवताना विंडोज मध्येच ‘उपकरण काम करत नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन कधीकधी थांबतं. मोजके फोटो असतील तर ऑटोमॅटिक चालेल. शेकड्यांनी असतील तर कीप ओरिजिनल्स निवडा आणि रूपांतर संगणकावर करा. फोन अनलॉक ठेवा, विचारल्यावर ट्रस्ट दाबा.

उतरवलेल्या फोल्डरमध्ये एकाच क्रमांकाच्या दोन-तीन फाइली दिसतील. आकड्याआधी ई असलेली फाइल फोनवर संपादित केलेली, ई नसलेली मूळ. त्याच नावाची एमओव्ही म्हणजे लाइव्ह फोटोचा हलता भाग. ती रूपांतरात घेऊ नका.

साधनं: मॅकवर प्रीव्ह्यू पुरेसं आहे. सगळे फोटो एकत्र उघडा, निवडा, एक्सपोर्ट करा. विंडोजच्या फोटोज अ‍ॅपला दोन एक्स्टेन्शन लागतात: एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन फुकट मिळतं, एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन विकत घ्यावं लागतं. पहिलंच बसवलं आणि फोटो उघडेना, तर कारण हेच. ढिगाने करायचे असतील तर एक्सएनकन्व्हर्ट हा रूपांतराचा प्रोग्राम सोयीचा. वेबसाइटवर फोटो चढवून रूपांतर करणं टाळा. फोटोसोबत तो कुठे काढला तेही जातं.

रूपांतर करताना जेपीईजीची गुणवत्ता १०० पैकी ९० ठेवा. १०० केल्याने फाइल फुगते, डोळ्यांना फरक जाणवत नाही. मेटाडेटा (फोटो कधी, कुठे काढला अशा नोंदी) आणि रंगाचं प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची नोंद) राखण्याचे पर्याय चालू हवेत. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या नेहमीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या प्रकारात असतात. प्रोफाइल गळलं की लाल-हिरवे रंग मलूल दिसतात.

सगळे फोटो एकदम रूपांतराला लावू नका. आधी पाच फोटो घ्या, त्यांत दोन उभे असू द्या, कारण फिरवण्याची नोंद काही प्रोग्राम दोनदा वाचतात आणि उभा फोटो आडवा पडतो. पाचही दुसऱ्या संगणकावर उघडले की बाकीचे लावा, मग दोन्ही फोल्डरमधल्या फोटोंची संख्या जुळवा. प्रतींवर फाइलची तारीख आजची पडते. अल्बम लावताना डेट टेकननुसार, म्हणजे फोटो काढल्याच्या तारखेनुसार, क्रम लावा.

पुढचे फोटो थेट जेपीईजीत हवे असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल. जुन्या फोटोंवर याचा परिणाम होत नाही, आणि सेकंदाला ६० फ्रेमचं ४के चित्रीकरण तेवढ्यापुरतं बंद होतं.